टपावरचा बर्फ आणि मागून येणारा माणूस

मागील अंकात कराडच्या एका भगिनींच्या पत्राचा उल्लेख करून, बर्फाळ प्रदेशात गाडी चालवण्याविषयी कोणाला काही विचारायचे असल्यास कळवावे, अशी विनंती मी या सदरातून केली होती. सातारा-सांगलीच्या वाचकांकडून या विषयावर दोन-तीन पत्रे आली तरी पुष्कळ, अशी माझी समजूत होती; प्रत्यक्षात एवढी पत्रे आली की या वेळचे सगळे सदर त्यांनाच द्यावे लागत आहे. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील गावागावांतून मुले लष्करात आहेत, परदेशात नोकरीला आहेत, आणि अलीकडे सुट्टीत स्वतःची गाडी घेऊन थेट मनाली गाठणारी कुटुंबेही कमी नाहीत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेवरून गाळली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त न्यू जर्सीत राहतो. हा त्याचा तिथला दुसरा हिवाळा आहे. सून फोनवर काळजीने सांगते की, बर्फ पडलेल्या सकाळी कामावर जाण्याच्या घाईत तो पुढच्या काचेवर ताटलीएवढी जागा खरवडून मोकळी करतो आणि तसाच निघतो. टपावर वीतभर बर्फ तसाच असतो. मध्यंतरी पोलिसांनी त्याला थांबवून दंडही केला. तो म्हणतो, ‘आई, बर्फच तो, वाऱ्याने उडून जातो.’ मला यातले फारसे कळत नाही, पण सुनेचे म्हणणे खोटे वाटत नाही. टपावरच्या बर्फाने खरेच काही होते का? (एक आई, कराड)

उत्तर : ताई, तुमच्या सूनबाईंची काळजी अगदी रास्त आहे, आणि हे उत्तर तुम्ही मुलाला फोनवर वाचून दाखवावे अशी माझी विनंती आहे. त्याच्या बोलण्यात तथ्य आहे ते अर्धेच. काही बर्फ वाऱ्याने खरोखरच उडून जातो, पण जो उडून जात नाही तोच घात करतो.

आपल्या रोजच्या बोलण्यात ‘बर्फ’ हा एकच शब्द आहे. पिंजलेल्या कापसासारखा भुरभुर पडतो तोही बर्फ आणि रसवंतीगृहात गोणपाटात गुंडाळून ठेवलेली लादी तोही बर्फच. तुमच्या मुलाच्या डोळ्यांसमोर यातला पहिला आहे. त्याच्या गाडीच्या टपावर दोन दिवसांत दुसरा तयार होतो. गाडीत हीटर चालू असतो, त्यामुळे टपाचा पत्रा आतून तापतो आणि त्याला टेकलेला थर वितळून त्याचे पाणी होते. गाडी कचेरीच्या आवारात उभी राहिली की तेच पाणी पुन्हा गोठते. दुपारचे ऊन, रात्रीचा गारठा आणि मधूनच पडणारा पाऊस यांमुळे भुसभुशीत थराखाली कडक लादी धरते. पुढच्या वेळी हीटर लागला की लादी आणि पत्रा यांच्यामध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा येतो, आणि मग ती लादी टपावर नुसती ठेवल्यासारखी असते. तिला धरून ठेवणारे काहीही उरत नाही.

तिच्या वजनाचा हिशेब सोपा आहे. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि केवळ दोन सेंटिमीटर जाड अशी लादी सुमारे 18 किलो भरते. मोठ्या मालट्रकचा मागचा बंद डबा तिकडे 16 मीटरपर्यंत लांब आणि अडीच मीटरहून थोडा अधिक रुंद असतो. त्याच्या छतावर तेवढ्याच जाडीचा थर धरला, तर ते ओझे साडेसातशे किलोंच्या पुढे जाते. साध्या मोटारीच्या टपावर वीतभर ताजा, कोरडा बर्फ असला तरी तो सिमेंटच्या एका पोत्याएवढा भरतो, आणि ओला होऊन बसलेला असेल तर दोन पोत्यांहूनही अधिक. सिमेंटची दोन पोती टपावर न बांधता ठेवून तुमचा मुलगा कराडहून कोल्हापूरला निघाला असता का, हे त्याला जरूर विचारा.

आता ती लादी टपावरून कशी सुटते ते सांगतो. एका हिवाळ्यात मी मुलीकडे त्याच राज्यात दोन महिने राहिलो होतो. एका सकाळी आम्ही दोघे किराणा आणायला निघालो. काचा स्वच्छ केल्या होत्या, टप मात्र ‘जवळच तर जायचे आहे’ म्हणून तसाच ठेवला होता. पहिल्या चौकात सिग्नल लाल झाला आणि मुलीने ब्रेक दाबला. डोक्यावर काहीतरी जड घसरल्याचा घर्रर्र असा आवाज झाला आणि पुढच्याच क्षणी टपावरचा सगळा बर्फ पुढच्या काचेवर येऊन बसला. गाडीत एकदम राखाडी, निळसर अंधार पडला. तिने वायपर लावले. ते जागच्या जागी कुरकुरले आणि थांबले, कारण त्यांच्या अंगावर मणभर ओझे पडले होते. गाडी अजून पूर्ण थांबलेली नव्हती, समोर काय आहे हे दोघांनाही दिसत नव्हते आणि मागच्या गाडीचा हॉर्न तेवढा ऐकू येत होता. चौक रिकामा होता म्हणून निभावले. खाली उतरून मी हातांनी बर्फ ओढून काढू लागलो, तेव्हा त्यातले तुकडे कडेला किती धारदार होते हे बोटांना समजले. मुलगी त्या दिवसापासून टप साफ केल्याशिवाय गाडी हलवत नाही.

ब्रेक मारल्यावर बर्फ पुढे येतो, आणि त्यात निदान ज्याची चूक त्यालाच त्रास होतो. वेगात असताना तो मागे जातो, आणि मला अधिक भीती त्याची वाटते. महामार्गावर ताशी 100 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ 28 मीटर अंतर कापते. टपावरच्या लादीची पुढची कड किंचित उचलली गेली की तिच्याखाली वारा शिरतो आणि वावटळीत छपराचा पत्रा उडावा तशी ती वर जाते. हवेच्या अडथळ्याने तिचा पुढे जाण्याचा वेग झपाट्याने उतरतो, मागून येणारी गाडी मात्र आपल्याच वेगात असते, त्यामुळे ती गाडीच जाऊन लादीवर आदळते. ट्रकच्या चार मीटर उंचीवरून सुटलेली वस्तू सरळ खाली पडली, तर जमिनीवर यायला एक सेकंदही घेत नाही. आणि धोका डोळ्यांना दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच साधारण एक सेकंद निघून जातो. म्हणजे मागच्या माणसाने कितीही सावधपणे गाडी चालवली, तरी त्याच्या हातात फारसे काही राहत नाही. काच फुटते, किंवा चुकवण्याच्या नादात स्टिअरिंग जोरात वळवले जाऊन गाडी घसरते. ज्याच्या टपावरून लादी सुटली, तो मात्र पुढे निघून गेलेला असतो आणि आपल्यामागे काय घडले याची त्याला कल्पनाही नसते. तुमचा मुलगा दोन हिवाळे सुखरूप आहे म्हणून त्याच्या मागचे सगळेच सुखरूप आहेत, असा अर्थ यातून निघत नाही.

दंडाविषयी तो नाराज असेल तर त्याला कायदाही सांगावा. न्यू जर्सीत 2010 पासून गाडीचे बॉनेट, टप, डिकी आणि सर्व काचा यांवरील बर्फ काढण्याचा योग्य तो प्रयत्न करणे चालकावर बंधनकारक आहे. बर्फ तसाच ठेवल्याबद्दल 25 ते 75 डॉलर दंड होतो, आणि त्यासाठी अपघात व्हावा लागत नाही. त्या बर्फाने कोणाला इजा झाली किंवा मालमत्तेचे नुकसान झाले, तर खासगी गाडीसाठी हा दंड 200 ते 1,000 डॉलर आणि व्यापारी वाहनासाठी 500 ते 1,500 डॉलरपर्यंत जातो. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात 2022 पासून, बर्फ पडायचा थांबल्यावर 24 तासांच्या आत गाडी साफ करावी असा कायदा आहे. न्यू हॅम्पशायर राज्यात 1999 मध्ये एका ट्रकवरून निसटलेल्या बर्फामुळे झालेल्या अपघातात एका तरुणीचा जीव गेला, आणि तिथला कायदा त्या दुःखातून आला. ब्रिटनच्या हायवे कोडमधील 229 व्या नियमातही सर्व काचा स्वच्छ कराव्यात, दिवे व नंबर प्लेट स्पष्ट दिसाव्यात आणि इतरांच्या वाटेत पडू शकेल असा सगळा बर्फ काढून टाकावा, असे सांगितले आहे. तुमच्या मुलाला झालेला दंड हा परक्या मुलखातील एखाद्या पोलिसाचा जाच होता, असे त्याने मनात आणू नये.

काम कसे करावे हेही सांगतो, कारण चुकीच्या क्रमाने केले की दुप्पट वेळ लागतो आणि मग माणूस कंटाळून ताटलीएवढ्या भोकावर येतो. सर्वांत आधी गाडीच्या मागे जाऊन सायलेन्सरच्या नळीचे तोंड मोकळे करावे आणि मगच इंजिन चालू करावे. याचे कारण पुढच्या एका उत्तरात आले आहे. हीटरचा झोत काचेकडे वळवून ठेवला की आपण बाहेर काम करीत असताना काचेवरचा थर आतून सैल होऊ लागतो. मग टप. बरेच लोक काच आधी पुसतात आणि नंतर टपावरचा बर्फ त्याच काचेवर ओढतात. टपासाठी लांब दांड्याचा, फोमचे डोके असलेला झाडू तिकडे सर्वत्र मिळतो. उंच गाडी असेल तर सोबत घडीचे स्टूल ठेवावे. त्यानंतर सर्व काचा, आरसे आणि बॉनेट. बॉनेटवरचा बर्फ वेग वाढताच उडून पुढच्या काचेवर येतोच. शिवाय काचेच्या तळाशी, वायपरच्या बुडाशी जी जाळी असते तिथूनच गाडीत हवा शिरते, आणि ती बर्फाने बुजली तर काच आतून धुरकट होऊ लागते. शेवटी पुढचे-मागचे दिवे आणि नंबर प्लेट. हल्लीच्या एलईडी दिव्यांची पुढची काच जुन्या दिव्यांसारखी तापत नाही, त्यामुळे तिच्यावरचा बर्फ आपोआप वितळेल या भरवशावर राहू नये. नव्या गाड्यांत पुढच्या बाजूला असलेले कॅमेरे आणि सेन्सरही झाकले गेलेले असू शकतात. ते पुसले नाहीत, तर आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा ऐन वेळी उपयोगाला येणार नाही.

ह्या सगळ्याला पंधरा मिनिटे लागतात. सूनबाईंनी गजर पंधरा मिनिटे अलीकडे लावावा.

प्रश्न : काचेवर गोठलेला बर्फ काढायला किटलीभर गरम पाणी ओतले तर चालेल का? माझी भाची कॅनडात असून तिने तसे केले असल्याचे कळते. (एक वाचक, सांगली)

उत्तर : कृपा करून तिला तसे करू देऊ नका. गोठलेल्या काचेवर गरम पाणी पडले की वरचा भाग एकदम प्रसरण पावतो आणि आतला भाग गारच राहतो. काचेला खड्याचा बारीकसा टवका आधी गेलेला असेल तर तिथून तडा जातो, आणि गरम चिमणीवर पाण्याचा थेंब पडल्यावर काय होते हे ज्यांनी कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला त्यांना सांगायला नको. शिवाय ओघळलेले पाणी वायपरवर, दाराच्या फटीत आणि पायाखाली पुन्हा गोठते ते वेगळेच. प्लॅस्टिकची खरवडणी वापरावी. स्वयंपाकघरातील स्टीलचे उलथणे वापरू नये, कारण त्याचे ओरखडे काचेवर कायमचे राहतात आणि समोरून ऊन आले की नेमके तेच डोळ्यांत येतात. औषधाच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल दोन भाग आणि पाणी एक भाग असे फवारणीच्या बाटलीत भरून काचेवर मारले की थर सुटतो. हे द्रव पेट घेणारे आहे, तेव्हा ते विस्तवापासून दूर ठेवावे.

प्रश्न : आम्ही दोन कुटुंबे जानेवारीत सांगलीहून स्वतःच्या गाडीने मनालीला जाणार आहोत. सोबत लहान मुले आहेत. अटल बोगद्यापलीकडे बर्फ बघण्याचा विचार आहे. गाडीची काय तयारी करावी? बर्फात अडकलो तर हीटर लावून गाडीतच बसावे, असे एकाने सुचवले आहे. (विश्रामबाग, सांगली)

उत्तर : तुमच्या पत्रातील शेवटचे वाक्य वाचून मी थांबलो, म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो. हीटर लावून गाडीत बसणे एका अटीवरच सुरक्षित आहे, आणि ती अट सुचवणाऱ्याने तुम्हाला सांगितलेली दिसत नाही. सायलेन्सरचे तोंड बर्फाने बुजले, तर इंजिनाचा धूर बाहेर न जाता गाडीच्या खाली साचतो आणि फटींतून आत येतो. त्यातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट धरतो. माणसाला आधी डोके जड वाटते, मग झोप येते, आणि ती झोप थंडीची किंवा प्रवासाच्या शिणाची आहे असे सगळ्यांना वाटते. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपलेली माणसे सकाळी उठली नाहीत, अशा बातम्या आपण हिवाळ्यात वाचतो. गाडीत घडते ते तेच.

2022 च्या जानेवारीत पाकिस्तानातील मुरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फ बघायला गेलेल्या पर्यटकांच्या हजारो गाड्या हिमवादळात रस्त्यावर अडकल्या आणि किमान 22 जणांचा गाड्यांमध्येच मृत्यू झाला. त्यांपैकी अनेकांच्या मृत्यूला हा वायू कारण ठरल्याचे तेव्हा सांगितले गेले. तीही तुमच्या-आमच्यासारखी, मुलाबाळांना घेऊन सुट्टीला निघालेली कुटुंबे होती. 2016 च्या जानेवारीत न्यू जर्सीत तर एक माणूस गाडीभोवतीचा बर्फ उपसत होता आणि त्याची बायकामुले ऊब मिळावी म्हणून इंजिन चालू ठेवून आत बसली होती. सायलेन्सर बर्फात गाडलेला होता. काही हातांच्या अंतरावर असलेल्या बापाला काहीही कळले नाही.

म्हणून अडकलात तर आधी एकाने उतरून सायलेन्सरच्या मागचा आणि खालचा बर्फ हातांनी किंवा फावड्याने दूर करावा. इंजिन सलग चालू न ठेवता तासातून दहा मिनिटे चालवावे, त्या वेळी वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर उघडी ठेवावी, आणि बर्फ पडत असेल तर प्रत्येक वेळी इंजिन चालू करण्याआधी नळी पुन्हा पाहावी. मुलांना झोप येऊ लागली किंवा कोणाचे डोके दुखू लागले, मळमळू लागले, तर इंजिन बंद करून सगळ्यांनी ताबडतोब बाहेर यावे. बाहेरची थंडी काही वेळ सोसता येते. पांघरुणे, कानटोप्या, पाणी आणि दशम्या गाडीत हाताशी ठेवाव्यात म्हणजे हीटरवर फार अवलंबून राहावे लागणार नाही.

गाडीच्या तयारीत पहिली गोष्ट कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या आणि सहज न गोठणाऱ्या द्रवाची. आपल्याकडे जुन्या गाडीच्या रेडिएटरमध्ये साधे पाणी भरण्याची सवय अजून आहे, आणि सांगलीच्या हवेत ते खपून जाते. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते. इंजिनात गोठले तर धातूलाही तडा जातो. चांगल्या मेकॅनिककडून योग्य प्रमाणातील कूलंट भरून घ्यावे. काच धुण्याच्या टाकीतही साधे पाणी न ठेवता थंडीत न गोठणारे द्रव भरावे, नाहीतर ऐन घाटात काचेवर पाण्याऐवजी काहीच येणार नाही. रात्री गाडी उभी करताना वायपर काचेपासून उचलून उभे ठेवावेत, हँडब्रेक गोठून बसू शकतो म्हणून सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावावेत. खराटा किंवा केरसुणी बरोबर नेऊ नये; पहिल्याने रंगावर ओरखडे पडतात आणि दुसरीने बर्फ हलत नाही. मऊ केसांचा लांब ब्रश आणि प्लॅस्टिकची खरवडणी पुरते. सकाळी हॉटेलच्या आवारातून निघताना टपासह सगळी गाडी साफ करावी, कारण तिथून उताराला लागताच प्रत्येक वळणावर ब्रेक मारावा लागतो आणि टपावरचा बर्फ पुढच्या काचेवर यायला ब्रेकच पुरेसा आहे, हे वरच्या उत्तरात सांगितलेच आहे.

बोगद्यापलीकडचा रस्ता बंद असल्याचे पोलिसांनी सांगितले तर वाद न घालता मागे फिरावे. चाकांना साखळ्या लावलेल्या आणि चारही चाकांना इंजिनाचा जोर असणाऱ्या (फोर-बाय-फोर) गाड्यांनाच पुढे सोडले जाते अशा दिवशी स्थानिक टॅक्सी करावी, आणि तिच्याही टपाकडे निघण्यापूर्वी एकदा पाहावे.

प्रश्न : आपल्या भागात बर्फ पडत नाही. शेतकऱ्यांच्या आणि वाहनचालकांच्या इतक्या अडचणी असताना परदेशातील बर्फावर सदर भरवणे कितपत योग्य आहे? (एक वाचक, पलूस)

उत्तर : तुमचा आक्षेप मी मनापासून वाचला, आणि त्याचे उत्तर तुमच्याच तालुक्यातील रस्त्यावर आहे. गळीत हंगामात संध्याकाळनंतर ट्रॅक्टरला जोडलेल्या दोन-दोन ट्रॉल्या कारखान्याकडे निघतात, ऊस बाजूंनी आणि वरून हातभर बाहेर आलेला असतो, खड्ड्यात चाक गेले की वरची मोळी सैल होते आणि कांडकी रस्त्यावर पडत जातात. ट्रॅक्टर चालवणाऱ्याला ते कळत नाही, कारण ते त्याच्या मागे घडते. मागून मोटारसायकलवर येणारा, अंधारात, त्या गोल कांड्यांवरून घसरतो. पावसाळ्यात ट्रकच्या ताडपत्रीवर तळे साचते आणि ट्रकने ब्रेक मारला की तो सगळा लोट शेजारून जाणाऱ्याच्या अंगावर येतो. न्यू जर्सीतील लादीचे आणि पलूसच्या उसाचे गणित मला वेगळे वाटत नाही. आपल्याकडे कायदाही आहे : मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने, ठरलेल्या मर्यादेपलीकडे पुढे, मागे, बाजूला किंवा उंचीत बाहेर येणाऱ्या मालासाठी 20,000 रुपये दंड आणि तो माल उतरवून घेण्याचा खर्च अशी तरतूद झालेली आहे. ऊस वाहणाऱ्या माणसाची अडचण मी जाणतो. खेपेमागे मिळणाऱ्या पैशांवर त्याचे घर चालते, आणि जादा भरलेल्या ट्रॉलीचा सगळा दोष एकट्या चालकावर टाकणे मला न्याय्य वाटत नाही. तरीही वरून दोर आवळणे आणि मागे रिफ्लेक्टर लावणे हे त्याच्या हातात आहे.

बर्फ पडत नाही, हेही संपूर्ण खरे नाही. पुढचे पत्र वाचावे.

प्रश्न : मी वेण्णा लेकच्या बाजूने पिकअपमध्ये स्ट्रॉबेरीच्या पेट्या भरून पहाटे पसरणी घाटाने वाईला उतरतो. थंडीत काही दिवस गाडीच्या टपावर आणि काचेवर पांढरा थर धरतो. पर्यटक त्याचे फोटो काढतात. मोबाइलवर तापमान पाच-सहा अंश दिसते, मग बर्फ कसा होतो? काचेवर हात फिरवून मी निघतो. टपावरचा थर काढणे जरुरीचे आहे का? (एक चालक, महाबळेश्वर)

उत्तर : तुमच्या टपावरचा थर पापडाहून जाड नसतो, तो वाटेतच विरून जातो आणि त्याने मागच्याला इजा होण्याचे कारण नाही. त्याची काळजी करू नका. काचेची मात्र करा.

मोबाइलवर दिसते ते हवेचे तापमान. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री टपाचा पत्रा आणि काच आपली उष्णता उघड्या आकाशाकडे सोडत राहतात आणि भोवतालच्या हवेपेक्षा कितीतरी गार होतात. तलावाकाठच्या सखल जागेत जड, थंड हवा उतरून साठते, त्यामुळे तिथे ही घसरण आणखी वाढते. म्हणून हवा पाच अंशांवर असतानाही पत्रा शून्याच्या खाली जातो आणि त्यावर पडलेले दव गोठते. छपराखाली उभ्या केलेल्या गाडीवर हा थर दिसत नाही, हे तुमच्याही पाहण्यात आले असेल. तिला वरचे आकाश दिसत नसते.

हात फिरवून निघण्यात धोका असा की, तळहाताच्या उबेने वरचा थर वितळून पुसला जातो, पण त्याचे पाणी लगेच पातळ पापुद्र्यासारखे पुन्हा गोठते. अंधारात ते जाणवत नाही. पाचगणी ओलांडून घाटाला लागेपर्यंत उजाडते, एखाद्या वळणावर समोरून कोवळे ऊन थेट काचेवर येते, आणि त्या क्षणी सगळी काच दुधासारखी पांढरी होते. तिथेच एका बाजूला दरी असते आणि समोरून शाळेची किंवा एसटीची गाडी वर चढत असते.

मनालीसाठी जे सांगितले ते तुम्हाला लागू नाही. आपल्याकडे हवा शून्याच्या वर असते, तेव्हा काचेवर साधे नळाचे तांब्याभर पाणी ओतून वायपर फिरवला तरी थर निघून जातो. गरम पाणी इथेही नको. वायपर काचेला चिकटलेला असेल तर आधी हाताने सोडवावा, नाहीतर रबर फाटते. आतून काच धुरकटली तर कपड्याने पुसत बसण्यापेक्षा, गाडीत एसी असल्यास तो आणि हीटर दोन्ही लावून झोत काचेकडे वळवावा आणि बाहेरची हवा आत घेणारे बटण उघडे ठेवावे. बाजूचे आरसेही पुसावेत, उतारावर मागचे वाहन त्यांतच दिसते.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे रात्री गाडी छपराखाली किंवा दाट झाडाखाली लावावी, आणि ते शक्य नसेल तर दोन कोरडी पोती काचेवर पसरून वायपरखाली अडकवावीत. हे दिवस मावळताच करावे. दव पडल्यानंतर टाकलेले पोते काचेला चिकटून गोठते आणि पहाटे पेट्या भरायच्या घाईत तेच ओढून काढत बसावे लागते.